घडी घातलेलं वर्तमानपत्र

स्टीफन किंगच्या 'इट'ची सुरुवात एका होडीने होते. वर्तमानपत्राच्या कागदाची होडी. सहा वर्षांच्या जॉर्जीला ती त्याच्या थोरल्या भावाने, बिलने, करून दिलेली. बिल तापाने अंथरुणात पडलाय, बाहेर पावसाने रस्त्याच्या कडेने लोट वाहतायत, आणि होडी भिजून तिचा लगदा होऊ नये म्हणून तिला मेण फासायचंय. मेणाचा डबा तळघरात. तो आणायला जॉर्जीला एकट्याने खाली जावं लागतं. वरच्या पायरीवर उभं राहून, हात आत घालून तो दिव्याचं बटण चाचपडतो, आणि त्याला वाटतं की आता अंधारातून काहीतरी आपलं मनगट धरणार. माझ्या आजोळी कोठीच्या खोलीचं बटण असंच आत, उजव्या हाताला होतं. ती दोन पानं मी कितीदा वाचली असतील, आणि दर वेळी माझा उजवा हात आपोआप जवळ आलाय.

तळघरात काहीच होत नाही. जॉर्जी डबा घेऊन वर येतो, बिल होडीला मेण लावतो, पोरगं पिवळा रेनकोट घालून बाहेर पळतं. होडी वाहत वाहत रस्त्याकडेच्या गटाराच्या तोंडातून आत जाते. जॉर्जी वाकून बघतो, तर आतून कोणीतरी बोलतं.

हा पेनीवाईज, विदूषक. ढगळ रेशमी पोशाख, पुढे मोठ्ठी केशरी बटणं, गळ्यात भडक निळा टाय, हातात पांढरे हातमोजे. डोळे आधी पिवळे दिसतात, मग निळे होतात, जॉर्जीच्या आईसारखे, बिलसारखे. गटारातून शेंगदाण्यांचा, पॉपकॉर्नचा, म्हातारीच्या केसांचा, सर्कशीचा वास येतो. तो फुगा देऊ करतो. जॉर्जी म्हणतो, अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही असं बाबांनी सांगितलंय. यावर तो विदूषक बापाचं कौतुक करतो. शहाणा आहे म्हणतो तुझा बाप. मग स्वतःचं नाव सांगतो, जॉर्जीचं नाव घेतो, एकमेकांची रीतसर ओळख करून देतो. झालं, आता आपण अनोळखी नाही. पोराला ते पटतं. घरच्यांनी शिकवलेला नियम न मोडता त्याला त्या नियमातूनच ओढून घेतलं जातं. पुढे जे होतं ते फार पटकन होतं. माझ्या अंगावर काटा येतो तो त्या सभ्य ओळखीपाशी.

ही कादंबरी मला २००७ साली पुण्यात, अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. पुढचं कव्हर गेलेलं, कणा सेलोटेपने चिकटवलेला. मूळ अमेरिकी आवृत्ती १९८६ची, अकराशेच्या वर पानांची. माझी प्रत बारीक टायपाची होती आणि मी ती हॉस्टेलच्या गच्चीवर बसून तीन आठवड्यांत संपवली. भयकथा वाचायच्या म्हणून घेतली होती. पण शंभर पानांच्या आत मला कळलं की हे पुस्तक माझ्याबद्दल आहे, कारण बिल अडखळत बोलतो.

मीही अडखळत बोलतो. लहानपणी फारच. 'क' आणि 'प'वर जीभ अशी रुतायची की शब्द छातीत अडकून बसायचा. आजीने वेखंड उगाळून जिभेला लावलं. कोणी म्हणे गोटी तोंडात धरून बोल. शेजारच्या काकू मला रोज दहा वेळा 'चटईला टाचणी टोचली' म्हणायला लावायच्या. प्रेमानेच. बिललाही असंच एक वाक्य दिलेलं असतं. खांबांवर मुठी आपटत, भुतं दिसतातच असं सांगत राहणाऱ्या माणसाबद्दलचं ते वाक्य. इंग्रजीत ते जीभ गुंतवणारं आहे. बिल ते एकटा असताना घोकतो. एके दिवशी ते न अडखळता म्हणून दाखवायचं, मग आईचा चेहरा खुलेल, जॉर्जी गेल्यापासून गारठलेलं घर पुन्हा उबदार होईल, एवढी त्याची साधी इच्छा. त्या वाक्यामागची ती इच्छा ज्याला ओळखू येते, त्याला पेनीवाईज कोण हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सातवीतली एक दुपार मला अजून तशीच्या तशी आठवते. मराठीचा तास. ओळीने एकेक जण उभं राहून धडा वाचत होता आणि मी माझी पाळी कितव्या परिच्छेदाला येणार ते मोजत होतो. परिच्छेदाचा पहिलाच शब्द 'परंतु'. मी उभा राहिलो आणि 'प'वरच राहिलो. मागच्या बाकांवरून 'प-प-प' सुरू झालं, मग अख्खा वर्ग. पोरांचं मला काही वाटलं नाही, म्हणजे तेव्हा वाटलं, पण ते पुसलं गेलं. पुसलं गेलं नाही ते सरांचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून खिडकीबाहेर मैदानाकडे बघत राहिले. मैदानावर कोणीही नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते. मारायचे नाहीत, कोणाला टाकून बोलायचे नाहीत. फक्त त्या दोन मिनिटांत ते तिथे नव्हते.

'इट'मध्ये एक अगदी छोटा प्रसंग आहे. कथा सांगताना कोणी त्याचा उल्लेख करत नाही. बिलच्या टोळीतल्या बेव्हर्ली नावाच्या मुलीवर गावातला गुंड पोरगा हेन्री बॉवर्स भर रस्त्यात धावून येतो. समोरच्या घराच्या व्हरांड्यात मिस्टर रॉस बसलेले असतात. ते उठून उभे राहतात. तिला वाटतं, आता हे येतील. ते तिच्याकडे बघतात, हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालतात आणि घरात निघून जातात. त्या प्रसंगात विदूषक नाही, फुगा नाही, रक्त नाही. गच्चीवर मी पुस्तक मिटलं ते तिथे. त्याच कागदाची एक घडी बिलने घातली होती, धाकट्याला होडी करून द्यायला.

तेव्हापासून मी पेनीवाईजकडे वेगळ्या नजरेने बघतो. आपल्याकडचा बागुलबुवा हा मोठ्यांच्या बाजूचा असतो. जेवला नाहीस तर बागुलबुवा नेईल, उन्हात गेलास तर पोतंवाला येईल. म्हणजे त्याची दोरी आईच्या, आजीच्या हातात. तिने जवळ घेतलं की तो गेला. कादंबरीतल्या डेरी या गावातल्या त्या दुष्ट सत्तेची, 'इट'ची, दोरी कोणाच्याच हातात नाही. उलट मोठी माणसं तिच्या छायेत निवांत राहतात. बेव्हर्लीच्या न्हाणीघरात बेसिनच्या भोकातून रक्त उसळतं, आरसा, भिंती, सगळं रंगतं. बाप आत येतो आणि त्याला काहीही दिसत नाही. तो त्या रक्तात हात टेकवून तिलाच विचारतो, काय झालं म्हणून. ते रक्त तिच्या मित्रांना मात्र दिसतं. आणि मग ती पोरं काय करतात? फडकी आणि बादल्या घेऊन न्हाणीघर धुऊन काढतात. ती फडकी कपडे धुण्याच्या दुकानात नेऊन मशीनमध्ये टाकतात आणि समोर बसून राहतात. तुला दिसतंय ते आम्हालाही दिसतंय, हे सांगायला त्यांना दुसरे शब्द लागत नाहीत. अकराशे पानांतलं मला सर्वांत प्रिय असलेलं पान हे.

मग विदूषकच का? 'इट'चं खरं रूप विदूषकाचं नाही. ते ज्याच्या त्याच्या भीतीचं रूप घेतं. त्याच टोळीतल्या, दम्याचा पंप घेऊन फिरणाऱ्या, आईने आजारांची धास्ती घातलेल्या एडीला तो महारोगी दिसतो, माइकला राक्षसी पक्षी, रिचीला सिनेमात पाहिलेला लांडगामाणूस. विदूषक हे आमिष. पोरांना जवळ बोलवायचं तर फुगे हवेत. पण किंगने त्या आमिषातच एक खोट ठेवली आहे, आणि ती सर्वांत नीट दिसते बेनच्या प्रसंगात. जानेवारीतली कडाक्याची संध्याकाळ, शाळेत बाईंना मदत करून उशिरा निघालेला जाडगेला एकटा मुलगा, गोठलेला कालवा. बर्फावर विदूषक उभा, हातात फुगे. वारा बेनच्या अंगावरून त्याच्याकडे वाहतोय आणि फुगे मात्र वाऱ्याच्या उलट, बेनच्या दिशेने झुकलेत. विदूषकाची सावली पडत नाही. जग जसं चालतं त्यात बोटभर चूक, आणि ती चूक फक्त त्या मुलाच्या ध्यानात येते.

रंगवलेला हसरा चेहरा तसाही लहान मुलांना फसवतो. बाळ जन्मल्यापासून चेहरे वाचायला शिकत असतं. आई चिडली का, बाबा थकलेत का. विदूषकाच्या तोंडावरचं हसू रंगाचं असतं, खालचं तोंड काहीही करत असो, वरचं हसतच राहतं. सर्कशीत पुढच्या रांगेत बसलेली पोरं जोकर जवळ आला की रडतात ती काही वेडी नसतात. त्यांना वाचता येणारं पुस्तक कोणीतरी मिटून समोर धरलेलं असतं.

पडद्यावर हा विदूषक पहिल्यांदा आला १९९०च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरच्या दोन भागांच्या मालिकेत. दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस, पेनीवाईज झाला टिम करी. टीव्हीसाठीची मालिका, त्यामुळे मुलांवरची हिंसा दाखवायला मर्यादा. ती मर्यादा करीने कामाला लावली. त्याचा पेनीवाईज वाढदिवसाला बोलावलेल्या, भाड्याच्या विदूषकासारखा दिसतो. आवाज घोगरा, थोडा बाजारू, विनोद जुनाट. तो भर दुपारी, उजेडात येतो. ग्रंथालयात वरच्या मजल्यावरून तो मोठा होऊन गावात परतलेल्या रिचीला चिडवतो, फुगे फुटून वाचणाऱ्या लोकांवर रक्त उडतं, आणि कोणी मान वर करत नाही. शेवटी 'इट' ज्या कोळ्याचं रूप घेतं तो फार कच्चा आहे, तो पाहून वाईट वाटतं. पण त्या मान वर न करणाऱ्या माणसांमुळे मी त्या मालिकेला सगळं माफ करतो.

आमच्या पिढीतल्या अनेकांना मात्र हा विदूषक आधी हिंदीतून भेटला. १९९८ साली झी टीव्हीवर 'वो' नावाची मालिका लागायची, 'इट'वरूनच बेतलेली. विदूषक होता लिलिपुट, मोठ्यांपैकी एक आशुतोष गोवारीकर, आणि पोरांमध्ये श्रेयस तळपदे. गोवारीकरांचा 'लगान' यायला तेव्हा तीन वर्षं होती. मी अकरा वर्षांचा होतो. आजी म्हणायची, "बंद कर रे ते, रात्री ओरडत उठशील." मी आवाज अगदी बारीक करून, टीव्हीला नाक लावून बघायचो. लिलिपुट यांचा चेहरा मला आजही आठवतो, कारण त्या रंगाखाली एक थकलेला, दुखावलेला माणूस दिसायचा. पेनीवाईजमध्ये माणूस नसतोच. 'वो'मध्ये तो होता, आणि लहानपणी मला त्याची भीती वाटायची तशी कणवही यायची.

२०१७च्या सप्टेंबरमध्ये अँडी मुशिएती यांचा चित्रपट आला. पहिल्या मालिकेनंतर बरोबर सत्तावीस वर्षांनी, आणि पुस्तकातलं ते संकटही साधारण तेवढ्याच वर्षांनी जागं होतं. कादंबरीतली पोरं १९५८ची, चित्रपटाने त्यांना १९८९मध्ये आणलं. बिल स्कार्सगार्ड तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्याचा पेनीवाईज करीच्या अगदी उलट वाटेने जातो. कपाळ बाळासारखं फुगलेलं, कपडे कुठल्यातरी जुन्या शतकातले, मळकट. एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा भलतीकडे. दिग्दर्शक हे संगणकावर करणार होते, पण स्कार्सगार्डला तसं खरंच करता येतं. खालचा ओठ बाहेर काढून केलेलं ते विचित्र हसूही त्याचं स्वतःचं. गटाराच्या प्रसंगात जॉर्जीशी गोड बोलता बोलता तो मध्येच गप्प होतो. तोंडातून लाळ गळते, नजर सुटते. क्षणभर असं वाटतं की विदूषकाचं सोंग घेतलेलं जे काही आत आहे ते आपलं सोंग विसरलं. भूक लागलेली आहे, बाकी काही नाही. त्या दोन-तीन सेकंदांत हा नट जे करतो ते मला त्याच्या सगळ्या किंकाळ्यांपेक्षा आणि धावण्यांपेक्षा मोठं वाटतं.

पण माझं मन त्या प्रसंगात दुसरीकडेच अडकलं. समोरच्या घरातून एक बाई बाहेर येते. पोरगं गटाराशी वाकलेलं ती बघते आणि आत जाते. पुन्हा बघते तर पाण्यात रक्त. पुस्तकात जॉर्जीची किंकाळी ऐकून शेजारचा एक माणूस पाऊण मिनिटात धावत पोचतो, उशीर झालेला असतो, पण तो धावतो. चित्रपटाने तेही काढून घेतलं. मला वाटतं मुशिएती यांना पुस्तकाचा गाभा नेमका सापडला होता. हेन्री बॉवर्स पुलावर बेनच्या पोटावर चाकूने अक्षर कोरत असतो, तेव्हा एक गाडी जवळून जाते. आतले म्हातारे नवरा-बायको बघतात, गाडी थांबत नाही, आणि मागच्या सीटवर हळूच एक लाल फुगा वर येतो. मिस्टर रॉस यांची ती घडी चित्रपटाने फुग्यात उतरवली. ग्रंथालयात बेन पुस्तकात डोकं घालून बसलेला असताना त्याच्या मागे, धूसर, एक म्हातारी बाई त्याच्याकडे तोंड करून हसत उभी असते. थिएटरात पहिल्यांदा ती मला दिसलीच नाही. दुसऱ्यांदा दिसली तेव्हा मी शेजारच्या मित्राचा हात धरला.

दोन वर्षांनी आलेला दुसरा भाग मला लागला नाही. कारण लांबी नाही, पावणेतीन तास मी आनंदाने बसलो असतो. शेवट मला दुखवून गेला. मोठे झालेले ते सगळे 'इट'ला घेरतात आणि तू नुसता विदूषक आहेस, तू काहीच नाहीस असं ओरडत राहतात. ते ऐकत ऐकत ते आक्रसतं, लहान होतं, मरतं. ज्यांना लहानपणी वर्गात, रस्त्यावर, घरात हेच ऐकावं लागलं, त्यांनी शेवटी हेच हत्यार उचलावं? पुस्तकात एडी दम्याचा पंप काढतो, त्यात नुसतं औषधी चवीचं पाणी आहे हे ठाऊक असूनही, आणि ते तेजाब आहे असा पूर्ण विश्वास ठेवून फवारतो. बिल ते जीभ गुंतवणारं वाक्य म्हणतो. न अडखळता म्हणतो. मी गच्चीवर बसून ते वाक्य त्याच्याबरोबर मोठ्याने म्हटलं होतं. चित्रपटाच्या शेवटातून नेमकं ते गेल्याचं दुःख मला आजही आहे. २०२५च्या 'वेलकम टू डेरी' या मालिकेत १९६२चं डेरी आलं, स्कार्सगार्डही परत आला. गावाचा काळा इतिहास तिथे बराच वर काढलाय, ते मला आवडलं.

कारण तो इतिहास कुठून आला हे विसरता येत नाही. किंगला या कथेचं बीज १९७८ साली कोलोरॅडोत, संध्याकाळी एका लाकडी पुलावरून चालताना सुचलं. बुटांचा आवाज ऐकून त्याला पुलाखालच्या राक्षसाची नॉर्वेतली गोष्ट आठवली. पण लिहायला तो मेन राज्यातल्या बँगोरला होता, आणि डेरी म्हणजे बरंचसं बँगोरच आहे. १९८४च्या जुलैत तिथे तीन पोरांनी एका तेवीस वर्षांच्या समलिंगी तरुणाला पुलावरून ओढ्यात फेकलं आणि तो बुडाला. किंगने ते जवळजवळ जसंच्या तसं कादंबरीत घेतलं. पुस्तकात त्या तरुणाचा जोडीदार पोलिसांना सांगतो की पुलाखाली विदूषक होता. पोलीस ऐकून घेतात, पण ते कोर्टात येऊ द्यायचं नाही असं ठरतं. खटला गुंतागुंतीचा होईल म्हणून. म्हणजे तिथेही एक कागद नीट घडी घालून ठेवला जातो.

त्या टोळीतले डेरी सोडून गेलेले सगळे श्रीमंत होतात, नाव कमावतात आणि सगळं विसरतात. गावात राहतो एकटा माइक, ग्रंथपाल होतो, तुटपुंज्या पगारावर जगतो आणि लक्षात ठेवतो. सत्तावीस वर्षांनी त्याचा फोन आला की बिलचं अडखळणं परत येतं. हे कोणी अभ्यास करून लिहिलंय की मनाने, मला सांगता येणार नाही, पण खरं आहे. पुण्यात मी आता बऱ्यापैकी सलग बोलतो. गावच्या स्टँडवर उतरलो आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायला तोंड उघडलं की 'प' तिथेच उभा असतो.

शेवटी सगळं संपल्यावर ते पुन्हा विसरायला लागतात. या वेळी माइकसुद्धा. त्याच्या वहीतली मित्रांची नावं, पत्ते, शाई फिकट होत जाते. आधी मला तो शेवट फार निर्दय वाटायचा.

सातवीतल्या त्या दुपारी पुढे काय झालं ते मी सांगितलं नाही. वर्ग हसत होता, सर मैदानाकडे बघत होते, आणि माझ्या बाकावरच्या मुलाने बसल्या बसल्या माझ्या पुस्तकात ओळीखाली बोट ठेवलं आणि हळू आवाजात 'परंतु' म्हटलं. पुढचा शब्द म्हटला. मी त्याच्याबरोबर म्हणायला लागलो. दोघांनी मिळून वाचलं की अडखळणारा अडखळत नाही, हे मला फार पुढे कळलं. त्याला ते कसं ठाऊक होतं कोण जाणे. सगळा परिच्छेद आम्ही तसाच वाचला. ते वर्ष संपल्यावर त्याच्या वडिलांची बदली झाली. सरांचा चेहरा, त्यांच्या चष्म्याची काडी, खिडकीचा तुटलेला गज, सगळं मला आज काढून दाखवता येईल. त्या मुलाचं आडनाव मला आठवत नाही. पहिलं नाव 'स'वरून होतं असं वाटतं. उजव्या तर्जनीच्या नखाशेजारी निळ्या शाईचा डाग होता.